ब्रांकुशीचे पक्षी आणि इंदूरचे न झालेले मंदिर

प्रस्तुत लेखाचा विषय एक रुमानियन शिल्पकार आणि आपल्या इंदूरमध्ये त्याच्या हातून न झालेले एक काम, असा आहे. न झालेल्या कामाची समीक्षा कशी करायची, असा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्तही आहे. तथापि या कामासाठी योजलेले तीन पक्षी आजही उभे आहेत. त्यासाठी योजलेली एक लाकडी मूर्ती उभी आहे. शिवाय त्याच महिन्यांत त्याच शिल्पकाराने स्वतःच्या देशात उभारलेले एक पूर्ण काम तुलनेसाठी हाताशी आहे. एवढ्या साहित्यावर बोलता येते.

हकीकत अशी. कॉन्स्टंटिन ब्रांकुशी (रुमानियन उच्चार 'ब्रिंकुश' असा काहीसा होतो, आपल्याकडे रुळलेला उच्चार मी ठेवला आहे) याचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ रोजी रुमानियातील होबित्सा या खेड्यात झाला. १९०४ मध्ये तो पॅरिसला आला आणि १९५७ मध्ये तेथेच वारला. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांचा जन्म १९०८ चा. वडील तुकोजीराव (तिसरे) १९२६ मध्ये पायउतार झाले आणि हे गादीवर आले. ऑक्सफर्डला शिकत असताना एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुकाराशी त्यांचा स्नेह जुळला. त्यातून १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग राजवाड्याचे आधुनिक रूप साकारले. कलाखरेदीत त्यांना सल्ला देणारे फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे यांनी त्यांची व ब्रांकुशीची गाठ घालून दिली. 'अवकाशातील पक्षी' या मालिकेतील ब्राँझचा एक पक्षी महाराजांनी घेतला. १९३६ पर्यंत काळ्या संगमरवराचा एक आणि पांढऱ्या संगमरवराचा एक असे आणखी दोन घेतले. या तीन पक्ष्यांसाठी इंदुरात एक मंदिर बांधावे, असे ठरत गेले. १९३७ मध्ये महाराणी संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निवर्तल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी बोटीने हिंदुस्थानकडे निघाला आणि १९३८ च्या जानेवारीत इंदुरात होता. महिनाअखेरीस तो परत फिरला. मंदिराचा एक दगडही बसला नाही.

पुढे काय झाले, याच्या दोन प्रकारच्या गोष्टी ऐकू येतात. आपल्या इंदुरी गप्पांत ती राजेशाही लहरीची गोष्ट होते : शिल्पकार आला, महाराज शिकारीला गेले होते, किंवा आजारी होते, किंवा शोकात होते, पाहुणा वाट पाहून निघून गेला. मग ओघाने माणिकबागेतील फर्निचर, मॅन रे याने काढलेली छायाचित्रे, मोटारी आणि खर्चाचे आकडे येतात. दुसरी गोष्ट युरोपातील पुस्तकांतली. तिच्यात ब्रांकुशी मोठा, त्याचे स्वप्न मोठे, आणि इंदूर म्हणजे एका हिंदी राजपुत्राचे दूरचे, धूसर गाव. त्याला रस्ते नाहीत, माणसे नाहीत. दोन्ही गोष्टींत एक समान उणीव आहे. ब्रांकुशी हा पॅरिसचा, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला, अतिआधुनिक कलावंत होता आणि इंदूरशी त्याचा संबंध फक्त पैशाचा होता, असे दोन्हींत गृहीत धरले आहे. हे गृहीत मला मान्य नाही. ब्रांकुशीची कला खेड्यातून आली होती आणि तिला इंदुरात खेडे भेटले नाही, गाव भेटले नाही, फक्त राजवाडा भेटला, असे माझे म्हणणे आहे. ते आता जरा सविस्तर मांडते.

आधी पक्षी. सांवेरच्या वर्गात मी एकदा ब्राँझच्या पक्ष्याचे मोठे छायाचित्र लावले आणि नाव न सांगता हे काय आहे ते विचारले. आमची मुले बहुतेक शेतकऱ्यांच्या घरची. एकाने भाला म्हटले, एकाने कोळप्याचा दांडा. एक जण म्हणाला की चाती आहे, आजीकडे होती. मागच्या बाकावरची एक मुलगी बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, पक्षी वर गेला की त्याचे पाय दिसत नाहीत. नाव न सांगता तिने पक्षी ओळखला, याचे श्रेय माझ्याकडे मुळीच नाही.

हाच प्रश्न अमेरिकेत न्यायालयात गेला होता. १९२६ मध्ये या मालिकेतील एक पक्षी प्रदर्शनासाठी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरला, तेव्हा जकात अधिकाऱ्यांनी त्याला शिल्प मानायला नकार दिला. कलाकृतीला जकात माफ होती. हा तर घडवलेला धातू, तेव्हा स्वयंपाकाची भांडी आणि दवाखान्याचे साहित्य ज्या सदरात येते त्याच सदरात त्याला घातले आणि ४० टक्के जकात लावली. खटला उभा राहिला. ही वस्तू पक्ष्यासारखी दिसते का, रानात दिसली तर तुम्ही तिच्यावर नेम धराल का, अशा धर्तीवर साक्षीदारांच्या उलटतपासण्या झाल्या. नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल ब्रांकुशीच्या बाजूने लागला. कलाकृती निसर्गाची नक्कलच असली पाहिजे ही जुनी व्याख्या न्यायालयाने बाजूला ठेवली. (जाता जाता : पुढील काळात माणिकबागेत केंद्रीय उत्पादन शुल्क आणि सीमा शुल्क खात्याचे कार्यालय आले. ज्या घरासाठी तीन पक्षी घेतले होते त्या घरात जकातीचे कारकून बसले, हा योगायोग कोणा कथाकाराने रचला असता तर आपण त्याला नावे ठेवली असती.)

तर या पक्ष्यात आहे काय? पंख नाहीत, पिसे नाहीत, चोच म्हणावी तर वरचे टोक तिरपे कापलेले आहे. खाली एक बारीक कंबर, तिच्यापासून हळूहळू भरत जाणारा देह, आणि पुन्हा निमुळता शेवट. भराव नेमका कोठे सुरू होतो ते बोट ठेवून सांगता येत नाही, आणि सारी किमया तेथे आहे. या रूपाचे एकूण १६ पक्षी त्याने केले, ७ संगमरवराचे आणि ९ ब्राँझचे. एकाच्या साच्यातून दुसरा काढला असे झाले नाही. प्रत्येकाची कंबर, प्रत्येकाचा फुगवटा किंचित वेगळा आहे. ब्राँझ तो हाताने घासून इतके गुळगुळीत करी की आरशासारखे होई. आपल्या कामाला 'अमूर्त' म्हटलेले त्याला खपत नसे. आपण वस्तूचे सत्त्व दाखवतो, तेव्हा हेच खरे वास्तव, अशी त्याची धारणा होती.

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला येथे फरीदुद्दीन अत्तारच्या 'मंतिकुत्तैर'ची आठवण होणे अपरिहार्य आहे. पक्षी आपल्या बादशहाच्या, सीमुर्गाच्या शोधात निघतात. सात दऱ्या ओलांडून अखेर तीस पक्षी पोहोचतात आणि तेथे त्यांना दिसतात ते स्वतःच, 'सी मुर्ग', म्हणजे तीस पक्षी. ब्रांकुशीने अत्तार वाचला होता असे मी सुचवीत नाही. त्याचे आवडते पुस्तक म्हणजे तिबेटी साधक मिलारेपा याच्या चरित्राचे फ्रेंच रूप होते. माझे म्हणणे वाचकाच्या बाजूने आहे. आरशासारख्या ब्राँझच्या पक्ष्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाला पक्ष्यात स्वतःचीच लांबट, ओळखू न येणारी आकृती दिसते. आपल्या परंपरेत हा अनुभव वाचण्याची भाषा तयार आहे. तिच्यासाठी आपल्याला पॅरिसच्या कलासमीक्षेकडे उसनवारीला जाण्याची गरज नाही. काळ्या पक्ष्याचे मात्र तसे नाही, तो प्रकाश आत घेतो आणि पाहणाऱ्याला काहीच परत देत नाही. तिघांत मला तोच अधिक कठोर आणि म्हणून अधिक मोठा वाटतो. पांढऱ्याबद्दल माझे मत जरा कमी उत्साहाचे आहे. पांढऱ्या संगमरवराला आपण इतके सरावलो आहोत की त्याचे सौंदर्य लगेच पटते, आणि लगेच पटणे हे अशा शिल्पाच्या हिताचे नसते.

आता खेड्याकडे येऊ. होबित्सा कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी आहे. ब्रांकुशीचे घर शेतकऱ्याचे. लहानपणी त्याने मेंढरे राखली, लाकूड कोरले, मग क्रायोवा येथील कला व हस्तव्यवसाय शाळेत आणि पुढे बुखारेस्टच्या कलाशाळेत शिकला. त्या भागातील घरांच्या ओसरीला कोरीव लाकडी खांब असतात. खाचा पाडून एकावर एक चौकटी उभ्या केल्यासारखे. गावच्या दफनभूमीतही लाकडी खांब रोवण्याची रीत आहे. पॅरिसमध्ये त्याने काही दिवस रोदँच्या हाताखाली काम केले, पण मातीत घडवून मग ओतण्याची ती पद्धत सोडून तो थेट दगडात आणि लाकडात कोरू लागला. म्हणजे सुताराच्या वाटेने परत गेला. आपल्या कार्यशाळेतील शेगडी, बाके, टेबल त्याने स्वतः केले आणि पाहुण्यांना तेथेच स्वतः रांधून वाढले. शिल्पाखालची बैठकही तो स्वतः कोरीत असे आणि तिला शिल्पाइतकेच महत्त्व देई. हे सगळे कारागिराचे वागणे आहे.

पक्ष्याचे मूळही खेड्यातच आहे. १९१० नंतर त्याने 'मायास्त्रा' नावाचा पक्षी केला. 'अवकाशातील पक्षी' त्यातूनच हळूहळू निघाला. मायास्त्रा हा रुमानियन परीकथांतील जादूचा पक्षी. एकोणिसाव्या शतकात पेत्रे इस्पिरेस्कू या बुखारेस्टच्या मुद्रकाने आपल्याकडील कहाण्यांसारख्या तिकडच्या कथा जमवून छापल्या, त्यांत या पक्ष्याचीही एक कथा आहे. एक राजा मठ बांधतो. त्याचा मनोरा पुन्हा पुन्हा ढासळतो. दुसऱ्या लोकातला मायास्त्रा पक्षी आणून त्याचे घरटे मनोऱ्यावर ठेवले तरच बांधकाम टिकेल, असे स्वप्नात कळते, आणि राजपुत्र त्या पक्ष्याच्या शोधात निघतात. इंदूरची हकीकत ही या कथेची उलटी आवृत्ती आहे. येथे एक सोडून तीन पक्षी मिळाले होते. राहिला तो मठ.

रुमानियातील दुसरी प्रसिद्ध कथा गवंडी मानोले याची आहे. दिवसा बांधलेली भिंत रात्री पडते, म्हणून तो स्वतःच्या बायकोला भिंतीत चिणतो आणि मग देऊळ उभे राहते. तळ्याला पाणी लागावे म्हणून सून बळी दिल्याच्या आपल्याकडील लोककथा येथे कोणालाही आठवतील. तौलनिक लोकसाहित्य शिकवणाऱ्यांनी या दोन्ही शेजारी ठेवून पाहाव्यात. मिर्चा एलियाद या रुमानियन अभ्यासकाने मानोलेवर सविस्तर लिहिले आहे. हा एलियाद म्हणजे १९२८ ते १९३१ या काळात हिंदुस्थानात राहून कलकत्त्यास सुरेंद्रनाथ दासगुप्तांकडे शिकलेला, आणि १९३३ मध्ये त्यांच्या कन्येवर 'मैत्रेयी' कादंबरी लिहिणारा. मैत्रेयी देवींनी तिला 'न हन्यते'ने उत्तर दिले आणि १९७६ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला. आपल्या साहित्य विभागांत रुमानियाची ओळख असली तर बहुधा या वादापुरतीच असते. हे थोडे दुर्दैवाचे आहे, कारण त्याच एलियादने ब्रांकुशीवर लिहिले आणि 'अनंत स्तंभ' नावाचे नाटकही लिहिले. ते आपण वाचीत नाही.

रुमानिया फार परका वाटत असेल तर एक छोटा भाषिक पुरावा देते. वालाकिया आणि मोल्दाविया हे प्रांत शतकानुशतके उस्मानी सत्तेचे मांडलिक होते. १८७७ मध्ये रुमानियाने स्वातंत्र्य जाहीर केले. लॅटिनच्या कुळातील या भाषेत त्यामुळे तुर्की वाटेने अरबी-फारसी शब्द शिरले आणि घर करून राहिले. तिकडे शत्रूला 'दुश्मान' म्हणतात, ओझे वाहणाऱ्याला 'हामाल', पाहुण्याला 'मुसाफिर', खुशालीदाखल दिलेल्या पैशाला 'बाक्शिश', घरभाड्याला 'किरिये', पडद्याला 'पेर्द्या'. 'मला काही खबर नाही' असे म्हणताना रुमानियन माणूस 'हाबार' हाच शब्द वापरतो आणि कोणाच्या 'खातर' काही करायचे असेल तर 'हातिर'. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवताना जो शब्दसंग्रह आपण रोज हाताळतो तो ब्रांकुशीच्या आईच्या बोलण्यात होता. एवढ्यावरून संस्कृती एक होती असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण 'पॅरिसचा कलावंत' हे लेबल काढून ठेवायला हे पुरेसे आहे.

मंदिराची योजना कशी होती? तिची वर्णने आठवणींतून आलेली आहेत आणि तपशिलात एकमेकांशी जुळत नाहीत, पण गाभा सर्वांत एकच आहे. खिडक्या नसलेले एक दालन. आत जायला जमिनीखालून वाट. आत पाण्याचा चौकोनी हौद आणि त्याच्या भोवती तीन पक्षी. छताच्या एका छिद्रातून येणारा प्रकाश, जो ठरावीक वेळी सोनेरी पक्ष्यावर पडेल. याशिवाय 'राजांचा राजा' ही सुमारे ३ मीटर उंचीची ओकच्या लाकडाची मूर्ती. तिचे आधीचे नाव 'बुद्धाचा आत्मा' असे होते.

जमिनीखालून प्रवेश ही कल्पना आम्हा सांवेरकरांना मुळीच विचित्र वाटू नये. इंदूर-उज्जैन रस्त्यावरचे आमचे गाव ज्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे, त्यातील हनुमान डोके खाली केलेला आहे. अहिरावणाने राम-लक्ष्मणांना पळवून नेले तेव्हा तो येथूनच पाताळात शिरला, अशी श्रद्धा आहे. वर जाण्यासाठी आधी खाली जावे लागते, ही गोष्ट माळव्यातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ब्रांकुशी एखाद्या बैलगाडीच्या वाटेने सांवेरपर्यंत आला असता तर त्याला आपला नकाशा समजावून सांगावा लागला नसता.

तरीही एक शंका नोंदवते. हे मंदिर झाले असते तर ते थोर झालेच असते, असे मला खात्रीने वाटत नाही. उड्डाणाचे सार सांगणारा पक्षी बिनखिडकीच्या खोलीत ठेवणे यात एक विसंगती आहे. तो पक्षी आभाळ मागतो. बंद दालन, हौद, वेळ साधून पडणारा किरण, यांत थोडी नाटकी मांडणी आहे. एका धनिक यजमानाच्या मनाला भुरळ पडावी अशी. शोकमग्न माणसाला असे दालन हवे होते हे समजण्यासारखे आहे. पण एका वेळी एका माणसाने आत जावे अशा खाजगी मंदिराने इंदूर शहराला काय दिले असते? अजिंठ्याची लेणीही अंधारी आहेत आणि तेथेही प्रकाश मोजूनच येतो. परंतु ती संघाची होती, जाणाऱ्या-येणाऱ्यांची होती.

ही शंका अधिक ठळक होते ती तिर्गू झिऊमुळे. ब्रांकुशीच्या जन्मगावापासून फार दूर नसलेले हे छोटे शहर. १९१६ मध्ये जर्मन सैन्य झिऊ नदीच्या पुलापर्यंत आले तेव्हा सैनिकांबरोबर गावातल्या म्हाताऱ्यांनी, बायकांनी, मुलांनी ते थोपवले होते. त्या लढाईतील मृतांचे स्मारक करावे, असे तेथील महिलांच्या संघटनेने ठरवले. अरेतिया ततारेस्कू या तिच्या अध्यक्षा. त्यांनी आधी मिलित्सा पेत्राश्कू या शिल्पकार स्त्रीला विचारले. ती ब्रांकुशीकडे शिकलेली होती. हे काम माझ्या गुरूंना द्या, असे तिने सुचवले. एका कलावंताने हातात आलेले काम असे पुढे करणे ही घटना विरळ आहे, तिच्यावर कोणी फारसे लिहीत नाही.

ब्रांकुशीने मानधन घेतले नाही. नदीकाठी एक गोल दगडी मेज आणि भोवती १२ आसने, थोडे पुढे 'चुंबनाचे प्रवेशद्वार', आणि तेथून गाव ओलांडून सव्वा किलोमीटरच्या आसपास अंतरावर 'अनंत स्तंभ'. तिन्ही एका सरळ रेषेत, आणि ती रेषा गावाच्या वस्तीतून, चर्चवरून जाते. स्तंभ २९ मीटरहून उंच. ओतीव लोखंडाचे १५ पूर्ण मणी आणि वर-खाली अर्धे अर्धे, आत पोलादी कणा, बाहेर पितळी झळाळी. ओसरीचा तोच खाचांचा खांब, फक्त आता छप्पर नाही, म्हणून तो आभाळाला टेकल्यासारखा दिसतो. पोलादी कण्याचे गणित श्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान या तिकडच्याच अभियंत्याने केले आणि मणी जवळच्या पेत्रोशानच्या कारखान्यात ओतले. स्तंभाची उभारणी १९३७ च्या शरद ऋतूत झाली. ती करून ब्रांकुशी हिंदुस्थानकडे निघाला, हे लक्षात घ्यावे. इंदूरहून परतल्यावर त्याच वर्षी, २७ ऑक्टोबर १९३८ रोजी, तिर्गू झिऊच्या स्मारकाचे लोकार्पण झाले.

एकच हात, एकच वर्ष. एक काम झाले, एक झाले नाही. याचे कारण महाराजांच्या स्वभावात शोधणे मला अपुरे वाटते. तिर्गू झिऊत काम मागणारी एक संघटना होती, जमीन देणारे गाव होते, ओतकाम करणारा कारखाना होता, गणित करणारा अभियंता होता, आणि ज्यांच्यासाठी स्मारक करायचे ते मृत सगळ्यांच्या घरचे होते. यांपैकी एखादा माणूस आजारी पडला असता, रुसला असता, तरी काम थांबले नसते. इंदुरात कामाची इच्छा एकाची, पैसा त्याचाच, जागा त्याच्याच बागेत आणि दुःखही त्याचे. तो एक माणूस खचला आणि सगळे संपले.

यावर आक्षेप येईल आणि तो मी स्वतःच नोंदवते. ततारेस्कू बाई काही सामान्य गृहिणी नव्हत्या. त्यांचे पती त्या काळात देशाचे पंतप्रधान होते. सत्तेचा हात तिकडेही होता. पण सत्तेचा हात असणे आणि सत्ता हेच सर्वस्व असणे यात फरक आहे. पुढे तेथे सत्ता बदलली. साम्यवादी काळात ब्रांकुशी नकोसा झाला. त्याने देऊ केलेली कार्यशाळा आणि शिल्पे सरकारने नाकारली, आणि १९५६ च्या मृत्युपत्राने ती फ्रान्सला गेली. अनंत स्तंभ पाडून भंगारात घालण्याचा प्रयत्न झाल्याचेही सांगतात. स्तंभ राहिला. २००० पर्यंत त्याची मोठी डागडुजी पूर्ण झाली, आणि जुलै २०२४ मध्ये युनेस्कोने तिर्गू झिऊचा हा सगळा समूह जागतिक वारशात घेतला. ती बैठक भरली होती नवी दिल्लीत. इंदूरपासून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर.

आता आपल्या शहराकडे, आणि मला सर्वाधिक टोचणारी गोष्ट. ब्रांकुशी इंदुरात होता त्या जानेवारीत या शहरात एक चांगली चित्रशाळा चालू होती. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये ती सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे तिचे विद्यार्थी. पंढरपुरात जन्मलेले आणि इंदुरात वाढलेले मकबूल फिदा हुसेन देवळालीकरांकडेच शिकले. विष्णू चिंचाळकर त्याच परंपरेतले. म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांची आधुनिक भारतीय चित्रकला ज्यांनी घडवली त्यांपैकी काही माणसे या एका मराठी शिक्षकाच्या हाताखालून गेली. राजवाडा आणि शाळा एकाच शहरात होत्या, दोन्ही एकाच संस्थानच्या. तरी ब्रांकुशीच्या मुक्कामाच्या मी वाचलेल्या कोणत्याही हकीकतीत या शाळेचे नाव येत नाही. एक महिना एक थोर कारागीर मोकळा बसला होता. त्याच्या हाताला काम नव्हते. दोन-तीन मैलांवर रेघ मारायला शिकणारी मुले होती. मंदिर न होण्यापेक्षा मला ही गोष्ट अधिक मोठी हानी वाटते, आणि हिच्यासाठी एक रुपयाही लागला नसता.

चिंचाळकर गुरुजींचे नंतरचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. वाळलेली पाने, साली, बिया, टाकाऊ लाकूड यांत त्यांना पक्षी, माणसे, जनावरे दिसत. ते फारसे काही न करता ती दाखवून देत. लाकडात आधीच असलेले रूप बाहेर काढणे, ही ब्रांकुशीचीच दृष्टी. गुरुजींनी ती पॅरिसहून आणली नव्हती. त्यांचे आणि ब्रांकुशीचे काम शेजारी ठेवून एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंध लिहावा, असा विषय मी दरवर्षी सुचवते. आजवर कोणी घेतला नाही. विद्यार्थी विचारतात, यावर प्रश्न येतो का?

यशवंतराव महाराज १९६१ मध्ये वारले. काळा आणि पांढरा पक्षी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने कॅनबेरासाठी विकत घेतले. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियात पॅसाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. 'राजांचा राजा' १९५६ पासून न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये उभा आहे. माणिकबागेतील फर्निचरचा लिलाव १९८० मध्ये मोनाकोत झाला. ही यादी मी वर्गात फळ्यावर लिहिली तेव्हा मागच्या बाकावरच्या त्याच मुलीने विचारले की मंदिर नेमके कोठे व्हायचे होते. राजवाड्याच्या बागेत, मी म्हटले. तेथे आता जाता येते का, असे तिने विचारले. कार्यालय आहे, मी सांगितले, आत काही काम असेल तर सोडतात.